संवादावर परिषद भरते म्हणजे नेमकं काय होतं? ओआरएसची पुडी, फवारणीचा पंप आणि गोदावरीचा पूर यांच्याशी तिचा काय संबंध?

दिवाळी झाली की मराठवाड्यातल्या कॉलेजांच्या फाटकांवर फ्लेक्स लागायला सुरुवात होते. ‘राष्ट्रीय परिषद’, ‘आंतरविद्याशाखीय चर्चासत्र’ आणि खाली विषय: दैनंदिन जीवनात संवादाचं महत्त्व. रस्त्यानं जाणाऱ्याला प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. बोलायला कुणाला शिकवावं लागतं? बाजारात, बसमध्ये, पारावर माणसं दिवसभर बोलतातच. मग दोन दिवस मांडव घालून त्यावर निबंध कशासाठी वाचायचे?

थोडक्यात उत्तर असं: बोलणं झालं म्हणजे सांगणं झालं, असं होत नाही. या दोन गोष्टींमध्ये जी फट राहते, तिच्यात औषधं चुकतात, पिकं करपतात, पूर आलेला असतानाही माणसं घरात बसून राहतात. ती फट कुठे पडते आणि कशी बुजवायची, हा या शाखेचा अभ्यास. विद्यापीठात तिला ‘संज्ञापन’ म्हणतात. इथून पुढे आपण साधं ‘संवाद’ म्हणू.

## शास्त्राची सुरुवात टेलिफोनच्या तारेतून झाली

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन या गणितज्ञानं एक प्रश्न घेतला: तारेतून संदेश पाठवताना खरखर होते, तरी तो पलीकडे बिनचूक कसा पोचवायचा? त्याची मांडणी आजही पहिल्या वर्षाला शिकवतात. पाठवणारा, संदेश, माध्यम, घेणारा आणि मध्ये येणारा व्यत्यय. संदेशाच्या अर्थाशी आपल्याला कर्तव्य नाही, असं शॅनन यांनी स्पष्टच लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी वॉरन वीव्हर यांनी त्यात भर घातली. अडचणी तीन पातळ्यांवर येतात: शब्द पोचले का, अर्थ पोचला का, आणि त्यामुळे समोरच्यानं काही केलं का.

आपल्याकडे बहुतेक खाती पहिल्याच पातळीवर थांबतात. पत्रक वाटलं, एसएमएस गेला, दवंडी दिली, काम झालं. शब्द पोचले एवढीच त्याची नोंद होते.

संवादाचे अमेरिकी अभ्यासक विल्बर श्रॅम यांनी १९५०च्या दशकात तारेच्या चित्रात दोन दुरुस्त्या केल्या. पहिली, ऐकणारा परत काहीतरी सांगत असतो आणि तो प्रतिसाद बोलणाऱ्यानं बघायला हवा. दुसरी, दोघांच्या अनुभवाचा जेवढा भाग सामाईक, तेवढाच अर्थ पलीकडे जातो. शेतकऱ्याला हे वेगळं समजावायला नको. बियाणं कितीही भारी असलं तरी वापसा, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल, नसताना पेरलं तर उगवत नाही. मुलाच्या तापानं घाबरलेल्या आईला भराभर सांगितलेल्या पाच सूचनांचंही तेच होतं.

## जाणकाराला वाटतं, किती सोपं सांगितलं!

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीनं एक साधा प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मे तरी ओळखतील. १२० गाण्यांपैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खी चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते.

डॉक्टर, कृषी सेवा केंद्राचा मालक, तलाठी, बँकेतला कारकून, सगळे या वाजवणाऱ्याच्या जागी असतात. रोज शंभर वेळा तेच सांगून त्यांना ते सरळ वाटायला लागतं. यात त्यांचा उर्मटपणा असतोच असं नाही. माहिती एकदा अंगवळणी पडली की ती नसतानाची अवस्था माणसाला आठवत नाही. म्हणूनच ‘मी नीट सांगितलं होतं’ हे वाक्य प्रामाणिक असूनही निरुपयोगी ठरतं.

## ‘आँ?’ ही भाषेतली सर्वांत उपयोगी दुरुस्ती

आपण बोलतो त्यातलं बरंच पहिल्या फटक्यात पोचत नाही, तरी व्यवहार चालतो. कसा? जगातल्या १२ भाषांमधल्या रोजच्या गप्पांच्या ध्वनिचित्रफिती तपासून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की माणसं सरासरी दर १.४ मिनिटाला बोलणं थांबवून दुरुस्ती मागतात. ‘आँ?’, ‘कोण?’, ‘म्हणजे मंगळवारी ना?’ या सगळ्याला अभ्यासक ‘दुरुस्ती’च म्हणतात. मराठी त्या १२ भाषांत नव्हती, पण जालन्याच्या मोंढ्यात किंवा परभणीच्या एसटी स्टँडवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी ‘काय म्हन्ला?’ आणि ‘कामून?’ कितीदा ऐकू येतं ते बघा.

माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. बरोबरीच्या माणसांत दुरुस्ती आपोआप होते. समोर डॉक्टर, साहेब किंवा मास्तर असला की ती बंद पडते. शेजाऱ्याला तीनदा ‘आँ?’ विचारणारा माणूस डॉक्टरांपुढे पहिल्याच वाक्याला मान डोलावतो. बाहेर रांग असते, साहेबांचं लक्ष कॉम्प्युटरमध्ये असतं आणि ‘एवढंही कळत नाही का’ हे ऐकायची भीती असते. याचा अर्थ, जिथे चूक सर्वांत महाग पडते, तिथेच दुरुस्तीची सोय नसते. ही सोय परत आणायची जबाबदारी ज्याच्याकडे माहिती आणि खुर्ची आहे त्याची आहे. न कळणाऱ्यावर ती ढकलता येत नाही.

## दवाखान्यात: ‘समजलं का?’ हा प्रश्नच चुकीचा

रुग्णांच्या स्मरणशक्तीवरच्या संशोधनाचा आढावा घेणारा एक लेख २००३ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टरांनी दिलेल्या माहितीतली ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात आणि जी लक्षात राहते तिच्यातलीही जवळपास निम्मी चुकीची असते, असं त्यात नोंदवलं आहे. वय, काळजी, एकाच वेळी दिलेल्या फार सूचना, अशी त्याची कारणं.

जुलाबाचं लेकरू घेऊन आलेल्या आईचं उदाहरण घेऊ. तिला सांगतात, ‘ही पुडी पाण्यात कालवून द्या, ह्या गोळ्या चालू ठेवा. समजलं का?’ ती ‘हो’ म्हणते. पण ओआरएसची मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी असते. दुकानात २०० मिलिलिटरसाठीची छोटी पुडीही मिळते. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर मिठाचं प्रमाण कितीतरी वाढतं आणि लेकराला अपाय होऊ शकतो. छोटी पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर द्रावण इतकं पातळ होतं की त्याचा उपयोगच राहत नाही. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचं, हे बहुतेक वेळा सांगायचंच राहतं. झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, पण तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्याही थांबतात. ‘चालू ठेवा’ या शब्दांत किती दिवस ते आलेलंच नसतं.

यावर उपाय म्हणजे परत बोलून घेणं. तो असा करायचा:

एका वेळी तीनपेक्षा जास्त गोष्टी सांगू नका. मग म्हणा, ‘ताई, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी सासूबाई विचारतील, तर त्यांना कसं सांगाल?’ तिच्या शब्दांत ऐकून घ्या. जे सुटलं तेवढंच पुन्हा सांगा, पहिल्यापासून सगळं नको. आणि सुटलेला भाग पुन्हा एकदा तिच्याकडून ऐका. शक्य असेल तर मापाची बाटली हातात देऊन ‘पाणी कुठपर्यंत घ्याल?’ असं विचारा. बोट जिथे टेकेल तिथे उत्तर कळतं.

वाक्याची सुरुवात ‘मी नीट सांगितलं का’ अशीच हवी. ‘सांगा बघू मी काय म्हणालो’ अशी सुरुवात केली की ती परीक्षा होते आणि माणूस गप्प बसतो.

उलट दिशेनंही तेवढंच बिघडतं. रुग्ण म्हणतो ‘गॅस झालाय’, आणि त्याला सांगायचं असतं की छातीत भरल्यासारखं होतंय, डाव्या हाताला कळ जातेय, घाम फुटलाय. ‘गॅस’ हे त्यानं स्वतः काढलेलं निदान आहे, लक्षण नव्हे. काय झालंय हे सांगण्याऐवजी कुठे, केव्हापासून आणि कसं दुखतंय हे सांगितलं तर डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि काही वेळा जीवही.

## कृषी सेवा केंद्रात: ‘पंपाला किती?’

सोयाबीनवर अळी दिसली की दुकानात हाच प्रश्न विचारला जातो आणि उत्तर मिळतं, ‘पंपाला १५ मिली.’ समजा शिफारस एकरी १५० मिली औषध २०० लिटर पाण्यातून, अशी आहे. २० लिटरच्या पंपाला १५ मिली बरोबर बसतं. शेतकऱ्याचा पंप १५ लिटरचा असेल तर त्याला ११ मिलीच्या आसपास हवं. १५ टाकलं तर द्रावण एक तृतीयांश जास्त कडक होतं. औषधानुसार त्यानं पानं करपू शकतात, पैसे तर जातातच. दुसरीकडे एकराला १३ पंप लागायचे तिथे घाईत ७ पंपांत रान उरकलं, तर पुरेसं औषध पडतच नाही. मग ‘औषध डुप्लिकेट निघालं’ म्हणून भांडण. त्यातच माप ‘एक झाकण’ असेल तर विचारायलाच नको, कारण प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं.

विकणाऱ्यानं औषध काढण्याआधी दोन प्रश्न विचारायचे: पंप किती लिटरचा? एकराला किती पंप लागतात? उत्तर ऐकून पंपाचं माप काढायचं आणि ते पेननं बाटलीवर लिहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणाचाही असाच घोळ होतो. कायद्यानं तो चार रंगांत असतो: लाल अतितीव्र विषारी, पिवळा तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा त्यामानानं कमी विषारी. हिरवा रंग पाहून ‘हे सेंद्रिय दिसतंय, याला हातमोजे नको’ असा अर्थ सहज निघतो. तो चूक आहे. हिरव्या त्रिकोणाची बाटलीही विषाचीच असते.

माहिती कुणाकडून आली यानंही फरक पडतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला, यावर १९४३ मध्ये २५९ शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्या बियाण्याची बातमी सर्वाधिक जणांना विक्रेत्यांकडून कळली, पण पेरायचा निर्णय घेताना सर्वांत जास्त प्रभाव पडला तो शेजाऱ्यांचा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची रुंद वरंबा-सरीची शिफारस एसएमएसपेक्षा बांधापलीकडच्या रानातून जास्त पटते, याचं कारण हेच. विस्तार शिक्षणातल्या, म्हणजे शेतीचं ज्ञान बांधापर्यंत नेणाऱ्या माणसांना हे पाठ आहे. निधी मात्र अजून पत्रकांवरच जास्त खर्च होतो.

## पुराचा इशारा: क्युसेक कुणाला कळतो?

सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीनंतर हा प्रश्न गोदाकाठ आणि सिनाकाठ दोन्हीकडच्या गावांना जवळून माहीत आहे. इशारा साधारण असा येतो: ‘जायकवाडी प्रकल्पाच्या सांडव्याद्वारे गोदावरी नदीपात्रात १,००,००० क्युसेक विसर्ग करण्यात येत असून नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.’

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. पाटबंधारे खात्याच्या अभियंत्याला या आकड्याचा उपयोग आहे. गेवराई किंवा गंगाखेड तालुक्यातल्या शेतकऱ्याला वेगळंच हवं असतं: माझ्या गावच्या पुलावर पाणी येणार का, किती वाजता, आणि मी आत्ता काय करू. ‘सतर्क राहावे’ यात करण्यासारखं काहीच नाही.

आपत्ती इशाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी चांगल्या इशाऱ्याचे पाच भाग सांगितले आहेत. कोण सांगतंय, धोका कशाचा, कुठे, कधी आणि काय करायचं. त्यानुसार वरचा मजकूर असा होईल:

‘तहसील कार्यालयाची सूचना. धरणातून पाणी सोडलं आहे. आज रात्री ९ पर्यंत आपल्या गावच्या पुलावर पाणी येईल. नदीकडच्या वस्तीतल्या सगळ्यांनी संध्याकाळी ७ च्या आत जिल्हा परिषदेच्या शाळेत यावं. जनावरांची दावी सोडा. नदीवरच्या पाण्याच्या मोटारी आत्ताच वर काढा, अंधारात जाऊ नका. रोजच्या गोळ्या आणि कागदपत्रं सोबत घ्या.’

वेळ आणि जागा प्रत्येक गावाची वेगळी असणार, म्हणून हा मजकूर जिल्ह्याच्या ठिकाणी बसून सगळ्यांसाठी एकच लिहिता येत नाही. पाण्याची पातळी आणि वेळ अभियंत्यानं द्यायची, गावातल्या खुणा तलाठी आणि पोलीस पाटलानं भरायच्या.

हेही ध्यानात घ्यावं, की इशारा ऐकल्याबरोबर माणसं निघत नाहीत. आधी दोन-तीन जणांना विचारून खात्री करतात, जगात सगळीकडे असंच होतं. तो आडमुठेपणा समजू नये. तेवढा वेळ धरूनच इशारा द्यायचा आणि तोच मजकूर भोंगा, व्हॉट्सअ‍ॅप, सरपंच अशा तीन-चार तोंडांतून एकसारखा जाईल हे बघायचं. एकानं ९ आणि दुसऱ्यानं ११ सांगितलं की लोक तिसऱ्याची वाट बघत बसतात.

हवामानाच्या अंदाजातही असंच एक न सांगितलेलं माप असतं. ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ यातला तुरळक म्हणजे त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत ठिकाणी. आपल्या शिवारात थेंब पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. पण हे माप अंदाजासोबत सांगितलंच जात नाही, आणि मग लोकांचा विश्वास उडतो तो संपूर्ण अंदाजावरूनच.

माहिती उशिरा किंवा अर्धवट आली की ती जागा अफवा घेते. विषय जिवाभावाचा आणि माहिती अस्पष्ट, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या की अफवा जोर धरते. हिंगोली जिल्ह्यात २०२४ मध्ये मार्च आणि जुलै महिन्यांत ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. ज्या भागात ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट अजून विसरलेली नाही, तिथे ‘आज रात्री मोठा येणार’ एवढा एक मेसेज अख्खं गाव अंगणात झोपवायला पुरतो. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, हे वाक्य धक्क्यानंतर तासाभरात अधिकाऱ्याच्या तोंडून आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येऊन उपयोग नाही.

## ‘पण संवादात ९३ टक्के देहबोलीच असते ना?’

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हा आकडा हमखास सांगतात: शब्द ७ टक्के, आवाज ३८, हावभाव ५५. तो आला मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांतून. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच ओळखायला सांगितलं होतं. भावना आणि कल यांपलीकडे हा हिशेब लावू नका, असं खुद्द मेहराबियन सांगत आले. ९३ टक्के अर्थ हावभावात असता, तर ओआरएस किती पाण्यात कालवायचं ते न बोलता सांगता आलं असतं. नजर आणि सूर महत्त्वाचे आहेतच. कॉम्प्युटरवरून मान वर करणाऱ्या डॉक्टरांना रुग्ण जास्त सांगतो. पण माप, वेळ आणि जागा शब्दांतच सांगावी लागते.

## ‘आमच्याकडे वेळ कुठंय?’

हा आक्षेप खोटा नाही. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत एका माणसाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. म्हणून परत बोलून घेणं सगळ्या गोष्टींसाठी करायचं नाही. जिथे चूक झाली तर परत फिरवता येत नाही, तिथेच करायचं: इन्सुलिनचं माप, विषारी औषधाचं प्रमाण, कोर्टाची तारीख. दवाखान्यात हे काम नर्स किंवा आशाताई करू शकतात. आणि जो न समजता जातो तो दोन दिवसांनी त्याच रांगेत परत येतो, तो वेळही मोजायला हवा.

## मग परिषदेत काय व्हायला हवं?

रीत ठरलेली आहे. आयोजक विषय जाहीर करतात. अभ्यासक २५०-३०० शब्दांचा सारांश पाठवतात. त्यातून निवड होते. पहिल्या दिवशी बीजभाषण, म्हणजे विषयाची दिशा ठरवणारं मुख्य भाषण, आणि मग दहा-दहा मिनिटांचे निबंध. संभाजीनगरचं विद्यापीठ १९५८ पासून आणि नांदेडचं १९९४ पासून मराठवाड्याचं उच्च शिक्षण सांभाळत आहे. भाषा, पत्रकारिता आणि समाजशास्त्र शिकवणारी मनुष्यबळाची शिदोरी इथे आहे.

बिघडतं ते वेळापत्रकात. उद्घाटन आणि सत्कार लांबतात, निबंध घाईत वाचले जातात आणि ‘वेळेअभावी प्रश्न नंतर’ असं जाहीर होतं. दुरुस्तीची जागाच कापली जाते. निबंधाला १० मिनिटं दिली तर प्रश्नांना ८ हवीत, आणि ती आधी राखून ठेवायला हवीत. माइक हातात धरायला लाजणाऱ्यांसाठी चिठ्ठ्या ठेवाव्यात. निदान एक सत्र पूर्ण मराठीत असावं, आणि त्यात आशाताई, औषध दुकानदार, ग्रामसेवक, एसटी वाहक यांना श्रोते म्हणून न बोलावता वक्ते म्हणून बोलवावं.

विद्यार्थ्यांनाही इंटरनेटवरून उचललेल्या ‘संवादाचे महत्त्व’ या निबंधापेक्षा बरंच चांगलं काही करता येईल. भोकरदन असो की अहमदपूर, गावातल्या एका औषध दुकानाबाहेर मालकाच्या परवानगीनं बसायचं. औषध घेऊन निघालेल्या वीस जणांना, त्यांची संमती घेऊन आणि नाव न लिहिता, तीन गोष्टी विचारायच्या: गोळी कशासाठी, दिवसातून किती वेळा, किती दिवस. उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहायचं आणि चुकलेलं असेल तर त्याला लगेच दुकानदाराकडे परत न्यायचं. पुढच्या आठवड्यात दुकानदाराला परत बोलून घ्यायला सांगून आणखी वीस जणांना तेच विचारायचं, आणि दोन्ही आठवड्यांचे आकडे परिषदेत शेजारी-शेजारी मांडायचे.